ठकीच्या गळ्यातली फीत

(प्राण्यांचा दवाखाना. टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली मांजर, ठकी.)

सून : पण खाईल कुठून, डॉक्टर? सणाची सगळी सजावट यंदा छताला टांगलीय. माळा, झिरमिळ्या, काचेचे गोळे, सगळं वर. खालून घर बोडकं. पाहुणे बिचारे माना वर करून कौतुक करतात.

सासरे : शिडीवर मी चढलो होतो. हिच्या पंजाला लागेल असं काही ठेवलेलं नाही.

डॉक्टर : मग जिभेखाली ही सोनेरी फीत कसली? हे बघा, टोक.

सून : अगं बाई!

सासरे : ओढा की मग. बघत काय बसलाय?

डॉक्टर : ओढायची नसते आजोबा. दुसरं टोक आतड्यात असलं तर आतडं कापलं जातं. घरी कोणी ओढली का? खरं सांगा. तिचा जीव त्यावर आहे.

सून : आम्हाला फीत होती हेच माहीत नाही. आणि बाबा तर तिच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. 'घरात ही राहील नाहीतर मी' म्हणाले होते. तेव्हापासून दोघंही आहेत.

डॉक्टर : फीत केवढी असेल, काही अंदाज?

सासरे : हातभर.

सून : बाबा?

सासरे : अंदाज विचारला, सांगितला.

डॉक्टर : आजोबा.

सासरे : अहो, घरादाराला नवे कपडे आणि ही एकटी तशीच! बरं दिसतं का ते? बांधली गळ्यात. छान गाठ मारली होती. फोटोपुरती.

सून : फोटोपुरती? फोटो काढताना तुम्हीच तिला हाकललंत ना!

सासरे : तो तुमचा फोटो. आमचा मी वेगळा काढला.

सून : 'आमचा'!

डॉक्टर : ते राहू दे. ओढलीत का?

सासरे : सकाळी टोक लोंबत होतं. धरलं चिमटीत. तिने माझ्याकडे असं पाहिलं... नाही धजवलं मला. सोडून दिलं.

डॉक्टर : नशीब. हिला आत घेते. पोट उघडावं लागेल.

सासरे : वाचेल ना?

डॉक्टर : आत्ताच शब्द देत नाही. संध्याकाळपर्यंत कळेल. तुम्ही घरी जा, फोन करते.

सून : चला बाबा. घर पाहुण्यांनी भरलंय. सगळे जेवायचे खोळंबलेत तुमच्यासाठी.

सासरे : तू हो पुढे. वाढ त्यांना.

सून : आणि तुम्ही कुठे म्हणून विचारलं तर? मांजरीपायी बसलेत म्हणून सांगू?

सासरे : मांजरीचं कशाला काढतेस? घरातलं माणूस दवाखान्यात आहे म्हणावं.