दादाने बसवलेली चाल

संगीतकार मोठा कशानं ठरतो, यावर माझ्यापुढं वाद घालू नका. त्यापायी आमच्या दादाची पेटी सुटली.

दादा आमच्या रोहणा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा आणि सिनेमाच्या एका संगीतकारावर त्याचा भारी जीव. भेटेल त्याला सांगायचा, "अंगाई म्हना, कव्वाली म्हना, क्याबरे म्हना, या मानसाले सारं जमते!"

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आर्वीच्या टॉकीजमध्ये ऐकलेलं क्याबरेचं, म्हणजे हॉटेलातल्या नाचाचं, गाणं दादानं संथ केलं आणि त्या चालीवर अभंग बसवला. एकादशीला मंडळानं तो म्हटला, तर मंडळ चालवणाऱ्या म्हाताऱ्या बुवांचे डोळे भरून आले. दादाला राहवलं नाही.

"बुवा, हे चाल क्याबरेची हाय! आता सांगा, केवढा मोठा मानूस असंन थो!"

बुवा ताडकन उठले. "देव बाटवला तुनं! पेटीले हात लावू नको."

दादानं पुन्हा पेटी धरली नाही.

काही वर्षांनी दादा गेला. तेरवीला मंडळ आलं आणि नेमकी तीच चाल लावली. मी विचारलं, "बुवा, हे चाल कोनाची?"

"आमच्या गुरूची," बुवा डोळे पुसत म्हणाले. "तुहा दादा मानूस चांगला होता गड्या. फक्त गान्यातलं त्याले काई समजत नोतं."