ड्रायव्हरची सीट

...नाही नाही, तुम्ही हसू नका, आधी ऐकून घ्या, मी आठवडाभरापासून ई-रिक्षानं शाळेत जाऊन राहिलो, भूगोलाचा मास्तर, बावीस वर्षांचं लायसन, घरासमोर स्वतःची चारचाकी उभी, पेट्रोल भरलेलं, हवा बरोबर, इन्शुरन्स चालू, आणि मी तीन बायका आणि एक पालकभाजीचं पोतं यांच्या मध्ये गुडघे जवळ घेऊन बसून राहिलो. काहून? तर गाडीला ड्रायव्हरची सीट नाही. चोरीला नाही गेली, हो. चोरी झाली असती तर निदान रिपोर्ट लिहिता आला असता. सीट माझ्याच घरात, माझ्याच हॉलमध्ये आहे, आणि ती मीच काढली. माझ्या या हातांनी, पाना घेऊन. आणि कशासाठी? तर बजेटमध्ये बसतं म्हणे.

तुम्हाला सांगतो, सुरुवात माझ्यापासून नाही, सुरुवात त्या नेमाजींच्या अक्षतपासून. आमच्या जबलपुरात, महाराजपुरच्या कॉलनीत, कोपऱ्याचं घर त्यांचं. त्या पोट्ट्याकडे तयार रेसिंग सिम्युलेटर आहे. म्हणजे काय, तर स्टीअरिंग, पेडल, खुर्ची, समोर एवढा मोठा स्क्रीन, आणि पोट्टा घरात बसून बेल्जियमच्या ट्रॅकवर गाडी पळवून राहिला. पळवू दे ना बाप्पा, माझं काय जातं? पण आमची समृद्धी, वय वर्षं बारा, तिथं गेली आणि म्हणाली, एक चक्कर मी मारू का? तर तो काय म्हणाला असेल? सगळ्या पोट्ट्यांसमोर. म्हणे, "लड़कियाँ तो बस स्कूटी चलाती हैं, वो भी पैर घिसट-घिसट के."

पोरगी घरी आली ती जेवलीच नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती, पण ती रडत नाही, ती गप्प होते, आणि ती गप्प झाली की मी काहीही कबूल करून बसतो. रात्री म्हणाली, "पापा, संडे को चार बजे सबकी ऑनलाइन रेस है. मेरे पास सिस्टम होता तो मैं दिखाती." आता तुम्हीच सांगा, बाप काय करेल? मी म्हटलं, तुझं सिस्टम शनिवारपर्यंत या हॉलमध्ये उभं करतो. बोलून गेलो. मग विचारलं, काय काय लागतं? तिनं यादी काढली. तिची यादी तयारच होती, हो! म्हणाली, "घबराओ मत पापा, बजट में बैठ रहा है."

गेलो दुकानात. एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्यात ग्राफिक्स कार्ड बसवायचं, असं ठरलं. दुकानदार पोरगा चोवीस वर्षांचा, मला अंकल म्हणून राहिला, ते मी सोडून दिलं. तो विचारतो, "अंकल, फ्रेम कितने चाहिए?" मी म्हटलं, एक. तो माझ्याकडे पाहत राहिला. "एक से क्या होगा अंकल? इसमें साठ मिलेंगे." साठ? मी म्हटलं, भैया, माझा हॉल दहा बाय बारा आहे, मी साठ फ्रेम ठेवू कुठे? आणि लोखंडाच्या का लाकडाच्या? समृद्धीनं कपाळावर हात मारला. फ्रेम म्हणजे चित्र, सेकंदाला साठ चित्रं. मग चित्र म्हणा ना! मी शाळेत पोरांना अक्षांश शिकवतो, तर त्याला दोरी म्हणतो का?

बरं, कॉम्प्युटर आला, एका कॉलेजच्या पोराकडून जुनं स्टीअरिंग आणि दोन पेडल आले. दोन. मी म्हटलं क्लच कुठे आहे? "क्लच वाला बजट में नहीं बैठता, पापा." बावीस वर्षं मी क्लचवर पाय ठेवून काढली, आणि माझी पोरगी बिनाक्लचची गाडी शिकून राहिली. गिळलं. स्टीअरिंग डायनिंग टेबलाला आवळलं. समृद्धीनं वळण घेतलं आणि टेबल वळलं. आमची मंडळी, रुचिरा, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, ते टेबल आहे, त्याच्यावर वरण आहे!" ब्रेक मारला तर पेडल फरशीवरून सरकत सरकत सोफ्याखाली. म्हणजे मी सोफ्याखाली वाकून पेडल धरून ठेवायचं आणि तिनं लाथा मारायच्या. आणि बसायला? माझी कामाची खुर्ची, तिला चाकं. ब्रेक दाबला की गाडी थांबते आणि खुर्ची चालू लागते! पोरगी थेट दारापर्यंत मागे.

मग मी गेलो गोहलपुरला, शमीम मिस्त्रीकडे, वेल्डिंगवाले, माणूस सोन्यासारखा. त्यांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "मास्साब, लोहे का ढाँचा मैं बना दूँगा, टस से मस नहीं होगा. पर सीट गाड़ी की लाओ." भंगारात पाहिल्या. एकीत उंदरांनी घर केलेलं, दुसरीची पाठ मोडलेली, ती बसल्याबरोबर नमस्कार घालून राहिली. नवी रेसिंग सीट विचारली, तर ती बजेटमध्ये बसत नाही. शुक्रवार संध्याकाळ झाली होती. घरी आलो, गेटमध्ये गाडी उभी, आणि आतून माझी सीट माझ्याकडे पाहून राहिली.

मी चांगला शिकलेला माणूस आहे. पण तुम्हाला सांगतो, त्या वेळेस मला एकच दिसलं, की चार बोल्ट आहेत आणि रविवारपर्यंतचीच गोष्ट आहे, सोमवारी परत लावू. आणि सगळं किती छान बजेटमध्ये बसतं म्हणे!

शनिवारी शमीमभाईंनी सांगाडा आणला, सीट बसवली. मी हलवून पाहिली, हलेना. मी म्हटलं वा, बोल्ट कुठे लावले? तर म्हणाले, "बोल्ट काहे के? वेल्ड मार दी है. हिलती तो बिटिया को चोट लग जाती." आता या माणसाला काय बोलू? त्यानं प्रेमानं केलं. रुचिरा म्हणाली, "म्हणजे आपली गाडी आता हॉलमध्ये आहे आणि बाहेर फक्त तिचा पत्रा आहे, असं समजायचं का?" मी म्हटलं, असंच समज.

आणि रविवार आला. चार वाजता बारा गाड्या, समृद्धी सगळ्यात मागे. जुना कॉम्प्युटर असा तापला की मी त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला आणि फॅन धरून उभा. साठ कुठली, तीसच चित्रं येऊन राहिली होती सेकंदाला. पण पोरगी काय चालवत होती! ओठ आत घेतलेले, डोळ्याची पापणी नाही लवत. अकरावी, नववी, सहावी. समोर अक्षतची लाल गाडी, रस्ता देईना. माझ्यानं राहवेना, मी ओरडलो, "हॉर्न दे त्याला, हॉर्न दे!" ती म्हणाली, "पापा, इसमें हॉर्न नहीं होता." हॉर्न नाही? मग तो बाजूला होईल कसा? हॉर्नशिवाय आमच्या जबलपुरात माणूस गल्ली पार करत नाही! पण तिनं वळणावर उशिरा ब्रेक मारला, पार शेवटाला, सगळं वजन पेडलवर टाकून. आणि सांगतो, ती सीट केसभर हलली नाही. अक्षत गेला बाहेर खडीत. समृद्धी तिसरी आली, तो सातवा.

थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला, "अच्छा चलाई यार." पोरगी माझ्याकडे वळली आणि घरात जी कधी मराठी बोलत नाही, हिंदीतच उत्तर देते, ती म्हणाली, "पापा, मी त्याच्या पुढे गेली." खोटं काहून बोलू, मी फॅनकडे तोंड करून उभा राहिलो, डोळे वाळवले.

आता तुम्ही म्हणाल, मग रडून काहून राहिला? अहो, आता दर रविवारी रेस, आणि कॉलनीतली सगळी पोट्टी माझ्या हॉलमध्ये! अक्षतसुद्धा! म्हणे, "अंकल, आपकी सीट ओरिजिनल है." ओरिजिनल असणारच! एकोणीस वर्षं मी बसलोय तिच्यावर! वेल्ड कापायचं नाव काढलं तर समृद्धी गप्प होते, आणि ती गप्प झाली की... ते मी सांगितलं तुम्हाला.

पण कालची गोष्ट. सिहोऱ्याला इंदूआत्याच्या नातवाचं बारसं. बसनं गेलो असतो, पण आमच्याकडून पाळणा होता, लाकडी, तो बसमध्ये कोण घेणार? रुचिरा म्हणाली, गाडी काढा. मी म्हटलं, बसू कशावर? मग काढला चौरंग. हो, सत्यनारायणाचाच. त्यावर उशी, उशीवर मी. कुठंच काही खर्च नाही, हेही बजेटमध्ये बसतं म्हणे. फक्त मी बसत नव्हतो, डोकं छताला लागून राहिलं होतं. रुचिरा मागे, पाळण्याला धरून. निघालो.

बायपासच्या चौकात ट्रॅफिकवाल्यानं हात दाखवला. काच खाली केली. त्यानं आत पाहिलं, मला पाहिलं, चौरंग पाहिला. सीटबेल्ट लावला होता मी, नियमानं. सीट नव्हती, एवढंच.

"काए भैया, सीट कहाँ है?"

"घर पे है, साहब."

"घर पे का कर रही है?"

आता काय सांगू त्याला? खरं तेच सांगितलं. "बेटी चला रही है."

"कित्ते साल की है?"

"बारह की."

त्यानं पुन्हा आत डोकावलं. तेवढ्यात मागून रुचिरा, पाळण्यातून मान काढून, मोठ्या कौतुकानं, "अच्छी चलाती है भैया, तीसरी आई है."

त्यानं मला एकदा वरून खाली पाहिलं, चौरंगासकट. चालानाचं मशीन काढलं आणि म्हणाला, "तो आज भी उसी से चलवा लेते. काए खुद कष्ट कर रहे?"

मी म्हटलं, "कहा था साहब. पर आज संडे है, उसको फुर्सत कहाँ."