हरण्याचा खुंटा

माझ्या डब्यातल्या वालाच्या शेंगा तुम्हाला आवडतात ना, त्या वाफ्याचं सांगते. दुष्काळात शेणखत कुठलं? आमचा बैल हरण्या चारा छावणीत होता. आण्णा म्हणाले, "गोठ्यातली माती लई मुरलेली हाय. तीच खणून वाफ्यात भर."

आई म्हणाली, "न्हाणीचं पाणी पाजू."

मी पाटीनं माती वाहून वाफा वीतभर उंच केला. फक्त हरण्याच्या खुंट्याभोवतीची माती खणली नाही.

आण्णांनी ते बघितलं. "तेवढी का ठिवली?"

"सगळी काढली तर खुंटा हलंल की, आण्णा. हरण्या आल्यावर बांधायचा कुठं?"

छावणीतून परत आणलेलं हरण्याचं रिकामं दावं त्यांनी पिशवीतून काढून खुंट्याशी ठेवलं.

"खुंटा बी उपट, पोरी," ते म्हणाले. "वेलाच्या आधाराला होईल."