यंदा कोणाचा नंबर

डॉक्टरांच्या वार्षिक अधिवेशनात, चहाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या दोघांच्या बिल्ल्यांवर आडनाव एकच होतं आणि दवाखानाही एकच.

“ताई, तू इथे कशी? यंदा माझा नंबर होता.”

“तुझा गेल्या वर्षी झाला की.”

“गेल्या वर्षी मी तापाने खोलीतच पडून होतो. ते धरायचं नाही, असं ठरलं होतं.”

“कोणाशी?”

“तुझ्याशीच. की मनातल्या मनात, आता आठवत नाही. मग दवाखान्यात कोण आहे?”

“मला वाटलं, तू.”

“आणि मला वाटलं, तू. म्हणजे सिस्टर बिचाऱ्या पेशंटना नुसत्या बसवून ठेवताहेत?”

“फोन लाव. सगळ्यांना शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांग.”

“लावतो. पण संध्याकाळच्या गाडीने तू परत जा.”

“मी नाही जाणार.”

“बरं बाई, मी जातो. तू दोन दिवस भाषणं ऐक, डुलक्या काढ. सोमवारी तरी येशील ना?”

“नाही रे. इथल्या कॉलेजवाल्यांनी शिकवायला बोलावलंय. मी अधिवेशनाला आले की विचारतात, दर वेळी मी पुढच्या खेपेला बघू म्हणते. आज त्यांना हो म्हणायलाच आलेय. दवाखाना आता तू एकट्याने बघ.”