मंगळावरची विहीर

जयपूरच्या मराठी मंडळात कीर्तन सुरू व्हायचं होतं. शालनताईंच्या मागे एक फौजी आणि एक म्हातारे गृहस्थ बोलत होते.

"मंगळावर विहीर खणतात, त्या कादंबरीचं नाव काय हो?" फौजीनं विचारलं. "जुन्या शहरातली, चारदीवारीतली सगळी पुस्तकांची दुकानं पालथी घातली."

"तुम्हाला कशाला हवी?"

"बायको वाचून दाखवायची. विहीर अर्ध्यावर आली अन् ती वारली. पाणी लागलं का, एवढंच कळायला हवं."

"साताऱ्याला आमच्या वाचनालयात प्रत होती. बहात्तर साली एका बदलीवाल्या बाईंनी सामानात बांधून नेली. बारा वर्षं झाली. ग्रंथपाल मीच होतो."

शालनताईंनी पदर पुढे ओढला. बुवांनी चिपळ्या उचलल्या. मागे फौजीनं सुस्कारा सोडला.

"लागलं हो पाणी," त्या मागे न वळता म्हणाल्या. "अगदी गोड."

"ताई," म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुमची बदली कुठून झाली?"