पाऊण घंट्याचं पाणी

माझ्या सर्व्हेच्या नोकरीला हसता ना, मग हे ऐका.

दुष्काळाचं वर्ष होतं. पिशोरजवळच्या वस्तीवर कडूबाई मावशींच्या दारात मी फॉर्म उघडला. चूल, संडास, शाळा सगळं विचारून झालं, तशा मावशी म्हणाल्या, "मजुरी किती मिळती ते नाय इचारत?"

"नुसत्या पैशावरून गरिबी कळत नाही, मावशी. पाणी आणायला किती वेळ लागतो?"

"इहिरीवर जाऊन यायला पाऊण घंटा."

"अर्ध्या तासाच्या वर गेलं की गरीब," म्हणत मी खूण केली.

"आन् तुज्या घरी रं, बाबा?"

"मी शहरात राहतो, सिडको कॉलनीत. घरातच नळ आहे."

"रोज येतं व्हय पाणी?"

"नाही. आठ दिवसांनी."

मावशी आत गेल्या, पाच लिटरचा कॅन भरून आणला आणि माझ्या गाडीला अडकवला. "नाय म्हणू नको. घरी लेकरं असतील."

घरी बायकोनं कॅन उतरवून घेतला, झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "उद्या कोणतं गाव आहे?"