केळीच्या सोपटाने बांधलेली नंबरप्लेट

अरे, आमच्या थोरल्या अक्काला अडवायची हिंमत एकाच पोलिसाने केली.

ती फियाट चालवत पाचोऱ्याला निघालेली, मी शेजारी. खड्ड्यात मागची नंबरप्लेट निखळली, स्क्रू कुठे पडले कोण जाणे. अक्काने शेजारच्या मळ्यातून केळीचं वाळलं सोपट आणलं, त्याची दोरी वळली आणि प्लेट बंपरला आवळली.

पुढे नाक्यावर पोलीस म्हणाला, "बाई, हे चालणार नाही. गाडी ठेवा, घरच्या माणसाला बोलवा."

अक्का ताडकन खाली उतरली. "घरनं माणूस मीच शे, भाऊ! ओढून बघा. निघाली तर गाडी इथंच सोडून पायी जाते."

त्याने एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी. प्लेट तसूभर हलली नाही.

"पुरे, बंपर उपटाल!" म्हणत अक्काने गाडी सुरू केली.